दहावीचं चॅनेल

कन्नड मुलखातल्या हुमनाबादेत काही वर्षं मला लोक टीव्हीतली बाई म्हणायचे. बाजारात भाजीवाली माप टाकून झाल्यावर वर मूठभर मिरच्या टाकायची आणि म्हणायची, "कालचं गणित माज्या पोरीला समजलं बगा." घरोघर केबलच्या काळ्या तारा शिरल्या होत्या, मोबाइल अजून चार श्रीमंतांच्याच खिशात होते, त्या काळातली ही गोष्ट. मी एका मराठी शाळेत गणित शिकवत होते. शाळेत विज्ञानाला शिक्षक नव्हता, इंग्रजीला होता तो बदली करून घेऊन गेला होता. आसपासच्या खेड्यांत तर ह्याहून वाईट हाल.

गावाला केबल देणारे गृहस्थ पूर्वी बसस्टँडजवळ रेडिओ दुरुस्त करायचे. सगळे त्यांना अण्णाच म्हणत. त्यांचं स्वतःचं एक लोकल चॅनेल होतं. त्यावर लग्नाच्या कॅसेटी, जत्रेचं शूटिंग, रात्री सिनेमा असं काहीबाही चालायचं. एका वर्षी संक्रांत झाल्यावर ते शाळेत आले आणि मला म्हणाले, "बाई, परीक्षा होईपर्यंत सिनेमे बंद. दिवसभर नुसती दहावी लावणार. कन्नड, मराठी, उर्दू, तिन्ही. मराठीचं गणित तुमी घ्यायचं."

"आणि हे एकदम कामून सुचलं?" मी विचारलं.

"माजं पोरगं दोनदा बसलं दहावीला. आता तिसऱ्यांदा बसायलंय. शिकवणीला जातो म्हणतंय आणि टीव्हीसमोर बसतंय. म्हणलं, मग मास्तरच टीव्हीत घालू."

मी हो म्हटलं. त्याला कारण माझा वर्ग होता. तुरीची रास झाली, ज्वारी निघाली, की आमच्या भागात गुत्तेदारांच्या, म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदारांच्या, गाड्या भरायच्या. पुण्याला, हैदराबादला इमारती उठत होत्या, आणि इकडची घरंच्या घरं कुलूप लावून तिकडे जात होती. हजेरी घेताना नाव पुकारलं की मागच्या बाकावरून आवाज यायचा, "गेली बाई, पुण्याला गेली." परीक्षा तोंडावर आली असताना वर्ग असा अर्धा झालेला मी दर वर्षी बघत होते. टीव्हीवरून निदान घरात बसलेल्यांना तरी चार गोष्टी सांगता येतील असं वाटलं.

ज्या दिवसाचं मला सांगायचंय तो दिवस सुरू झाला इतर दिवसांसारखाच. सकाळी देवाची गाणी लागली. अण्णांच्या घरच्या बाई दुकानावरच्या चॅनेलच्या खोलीत येऊन मशिनींना उदबत्ती ओवाळून गेल्या. मग साड्यांच्या दुकानाची, बोअर मारणाऱ्याची, मिठाईवाल्याची जाहिरात. खाली पट्टी सरकत राहायची. तिच्यात कुणाच्या नातवाचा वाढदिवस, कुणाचा तेरावा, आणि मधूनमधून चॅनेलचा फोन नंबर. ह्या नंबराइतकी त्या दिवसांत गावात दुसरी कुठली गोष्ट पाठ नव्हती.

पहिला तास कन्नड शाळेतल्या विज्ञानाच्या सरांचा असायचा. ते बेडकाचं चित्र भिंतीला अडकवून शिकवायचे आणि मध्येच विसरून, समोर वर्ग बसलाय असं धरून, "मागं कोण बोलायलंय?" असं कन्नडमधून दरडावायचे. त्यांच्यानंतर उर्दू शाळेतले एक वयस्कर मास्तर भूगोल घ्यायचे. त्यांचा आवाज इतका गोड की उर्दू न येणाऱ्या बायकाही हातातलं काम टाकून तो तास ऐकायच्या. मग माझी पाळी.

खोली एवढीशी. भिंतीला हिरवी चादर, चादरीवर फळा, आणि दोन बाजूंना लग्नाच्या शूटिंगचे ते भाजून काढणारे दिवे. पंख्याचा आवाज माइकमध्ये येतो म्हणून पंखा बंद. मार्च लागला होता. पदरानं मान पुसायची आणि परत फळ्याकडे वळायचं. कॅमेरा धरणारा माणूसही लग्नातलाच. मी फळ्यावर वर्तुळ काढत असले की ह्याचा कॅमेरा सवयीनं माझ्या बांगड्यांवर जायचा. अण्णा बाजूला उभे राहून हातानं खुणा करायचे, फळ्यावर ने, फळ्यावर.

त्या दिवशी मी शाब्दिक उदाहरणं घेतली होती. बापाचं वय, मुलाचं वय, पाच वर्षांनी किती होईल, तसली. निम्म्यावर आले आणि करंट गेला. खाली दुकानात जनरेटर होता, पण तो सुरू होईपर्यंत सगळ्या गावाच्या टीव्हीवर मुंग्या. पुन्हा पहिल्यापासून घ्यावं लागलं. दुपारी माझी शाळा असायची, तेव्हा चॅनेलवर आदल्या दिवशीच्या कॅसेटी फिरायच्या. शाळेतून येताना एका किराणा दुकानासमोर मी उभी राहिले होते, तर आत टीव्हीवर मीच शिकवत होते, आणि दुकानदार माझ्याकडे न बघता टीव्हीकडे बघत माझी साखर तोलत होता.

संध्याकाळी फोनचा कार्यक्रम. तोही थेट जायचा. एका टेबलावर फोन, त्याच्या स्पीकरसमोर माइक, आणि आम्ही दोघंतिघं शिक्षक बाजूच्या खुर्च्यांवर. अण्णांनी खांबाखांबावरून तार ओढत शेजारच्या दुबलगुंडी गावापर्यंत चॅनेल नेलं होतं, त्यामुळे तिकडूनही फोन यायचे. त्या दिवशी पहिले दोन-तीन फोन नेहमीचेच होते. पेपर कसा येईल, सोपा येईल का. एकाला नुसताच आपला आवाज टीव्हीवर ऐकायचा होता.

मग एक मुलीचा आवाज आला. मागं तिच्या टीव्हीचा आवाज घुमत होता.

"टीव्ही बारीक कर आधी," मी म्हटलं. "हं, बोल."

"बाई, मी दुबलगुंडीहून बोलायलेय. सकाळच्या गणितात बापाचं वय छत्तीस आलंय. बरोबर हाय का?"

"बरोबर आहे. शाब्बास."

"आनि बाई... गणिताचा पेपर आदी देता येतोय का?"

आम्ही सगळेच हसलो. मी म्हटलं, "अगं, सगळ्यांचा एकाच दिवशी असतो. तुला कामून आधी द्यायचाय?"

"परवा आमी पुण्याला जायलाव. गुत्तेदाराची गाडी येणार हाय. परत यायला दिवाळी होतीय."

"परीक्षा झाल्यावर जा की. घरात दुसरं कोणी नाही का?"

"आई-अप्पा दोघंबी कामावर जातेत. भाऊ लहान हाय, आताशी चालायलाय. त्याला बघायला मी लागते." मग ती म्हणाली, "गणित तरी दिलं असतं. गणित मला येतंय."

ती रडत नव्हती. दुकानात एखादी वस्तू आहे का विचारावी तसं विचारत होती. थेट कार्यक्रमात गप्प बसणं म्हणजे काय, ते त्या खोलीत बसल्याशिवाय कळायचं नाही. दिव्यांची घरघरसुद्धा ऐकू येत होती.

तेवढ्यात अण्णा, जे कधी कॅमेऱ्यासमोर यायचे नाहीत, ते बनियनवर शर्टाची बटणं लावत पुढे आले आणि फोनच्या माइकमध्ये तोंड घालून बोलायला लागले. आधी कन्नडमधून बोलले, मग मराठीतून. "दुबलगुंडीच्या वडीलधाऱ्यांनो, ही पोरगी तुमच्या गावाची हाय. तिला परीक्षा देऊ द्या. तिच्या बापाला समजून सांगा. एवढं तुमच्याच्यानं होत न्हाई काय?"

"राहायचं काय, घरचे हो म्हणत असतील तर माझ्या घरी राहील," मी म्हटलं. नवऱ्याला, सासूबाईंना काही न विचारताच म्हटलं. दोघंही घरी टीव्हीसमोर बसलेले होते, त्यांनी ते गावाबरोबरच ऐकलं.

मुलीनं फोन ठेवला होता. मग फोन थांबेनात. एका निवृत्त मास्तरांनी आशीर्वाद दिला. उर्दूचे मास्तर डोळे पुसत होते. कापड दुकानाच्या मालकानं तिला परीक्षेला नवा ड्रेस देतो म्हणून जाहीर केलं. कार्यक्रम संपून गेला तरी लोक खाली दुकानात येऊन उभे होते. इतकं चांगलं काही आपल्या गावात आपण पहिल्यांदाच बघतोय असं त्या संध्याकाळी सगळ्यांच्याच तोंडावर होतं, माझ्यासुद्धा.

दुसऱ्या दिवशी ती माणसं माझ्या घरी आली. पुढे गावातले दोन म्हातारे, मागं मुलीचे वडील, आई, आईच्या कडेवर ते पोर, आणि सगळ्यात मागं कापडी पिशवी धरलेली मुलगी. पूर्वी त्यांच्याकडे मेंढरं होती. आता रानं राहिली नव्हती, मेंढरंही गेली होती. वडील सेंट्रिंगच्या कामाला जायचे, आई घमेली वाहायची. वडील उंच, वाळलेले, फार कमी बोलणारे. खुर्ची दिली तरी जमिनीवरच बसले.

"सगळं गाव म्हणायलंय, ठेवा म्हणून," ते म्हणाले. "मी काय बोलू? ठेवतो."

आई दारातच उभी होती. ती मला म्हणाली, "बाई, ह्याला कोन बगंल?"

मी काही बोलायच्या आत म्हाताऱ्यांपैकी एकजण म्हणाला, "अगं, कामावर धा बाया असतेत. एकमेकींची पोरं बगतेतच की. पोरीचं वरीस कामून घालवतीस?"

पोरानं हात पसरून बहिणीकडे झेप घेतली. बहिणीनं त्याला घेतलं, अंगणात फिरवलं, चिंचेचं पान हातात दिलं. निघायच्या वेळी ते तिच्या कडेवरून उतरेना. आईनं ओढूनच घेतलं त्याला. कोपऱ्यापर्यंत त्याचं रडणं ऐकू येत होतं.

मुलगी माझ्याकडे राहिली. पहाटे माझ्या आधी उठून अंगण झाडायची. सासूबाई आधी कुरकुरल्या होत्या, पण आठवड्याच्या आत तिला आपल्या ताटाजवळ बसवायला लागल्या. तिला पुंडीची, म्हणजे अंबाडीची, भाजी आवडायची, ज्वारीची भाकर ती माझ्यापेक्षा पातळ थापायची. दिवसभर ती टीव्हीसमोर वही घेऊन बसे आणि चॅनेलवर जे येईल ते बघे. कन्नडच्या सरांचा बेडूकसुद्धा. कधी बोलता बोलता तिचा हात कमरेशी जाई, जणू कडेवर कोणी बसलंय, आणि मग तिचं तिलाच लक्षात येई. एकदा मला म्हणाली, "मी नसले की ते झोपत न्हाई बाई. आईला हैराण करत असेल."

परीक्षा सुरू झाली. पहिल्या पेपरला अण्णांनी कॅमेरावाल्याला केंद्राच्या फाटकाशी उभं केलं. त्यानं कापड दुकानाच्या नव्या ड्रेसमध्ये बाहेर येणारी ती, तिच्या हातातली पट्टी-पेन, सगळं घेतलं, आणि संध्याकाळी चॅनेलवर तेच फिरून फिरून दाखवलं. ती लाजून उठून स्वयंपाकघरात गेली.

गणिताच्या पेपरच्या आदल्या दिवशी, दुपारी, अण्णा माझ्या शाळेत आले. वर्गाच्या दाराशी उभे राहिले आणि मला हातानं बाहेर बोलावलं.

"पुण्याहून फोन आला होता. तिच्या बापाचा."

घरच्यांना आमच्याकडचा दुसरा कुठला नंबर माहीत नव्हता. टीव्हीच्या पट्टीवरचा तेवढा पाठ होता. बांधकामाला पाणी मारायला हौद खणलेला होता. पोराला एका म्हाताऱ्या बाईजवळ ठेवून आई वरच्या मजल्यावर घमेलं घेऊन गेली होती. म्हातारीचा डोळा लागला. पोर चालत चालत हौदाकडे गेलं. ही गोष्ट दोन दिवसांपूर्वीची होती. तिथंच, इमारतीच्या मागच्या माळावर, त्याला पुरून झालं होतं.

"तिला न्यायचं का पुण्याला?" मी विचारलं.

"तो म्हणाला, सांगू नका. पेपर होऊ द्या. बाईंना म्हणावं, एवढं करा. मी स्वतः येऊन सांगतो." अण्णा भिंतीला टेकले. "मी त्याला म्हणलं, अरे, तिला कळायला पायजे. तर तो म्हणला, आता कळून काय करंल? पेपरासाठीच ठेवली ना तिला? मग देऊ दे."

मी घरी गेले. ती अंगणात बसून उजळणी करत होती. मला बघून म्हणाली, "बाई, आज लवकर आलात?" मी म्हटलं, डोकं दुखतंय. तिनं उठून मला चहा करून दिला.

त्या संध्याकाळी मला चॅनेलवर गणिताची शेवटची उजळणी घ्यायची होती. सगळ्या गावाला सांगून ठेवलेलं होतं. मी गेले. हिरव्या चादरीसमोर उभी राहिले, दिवे लागले. घरी ती वही घेऊन माझ्याकडेच बघत बसली असणार हे मला माहीत होतं. मी वर्तुळं काढली, सूत्रं लिहिली, एकही चूक केली नाही. अण्णा नेहमीच्या जागी उभे होते, पण त्यांनी त्या दिवशी कॅमेरावाल्याला एकही खूण केली नाही. तो कुठं धरतोय तिकडं त्यांचं लक्षच नव्हतं.

पेपर झाले. प्रत्येक पेपराला मी तिला दही-साखर दिली, केंद्रावर सोडलं, आणायला गेले. गणित तिला फार सोपं गेलं होतं. ती रस्त्यानं उत्तरं सांगत, उड्या मारल्यासारखी चालत होती आणि मी हं हं करत होते. सासूबाईंना मी सांगितलं होतं. त्या देवाच्या खोलीत जाऊन बसायच्या, तिच्यासमोर यायच्या नाहीत. तिनं एकदा विचारलंही, "आजीचं काय बिनसलंय?"

शेवटच्या पेपरला वडील आले. केंद्राच्या फाटकासमोर लिंबाखाली उभे होते. ती धावतच गेली. "आई कुठंय? भाऊ?" तिनं विचारलं. त्यांनी तिचा हात धरला आणि सांगितलं. मी दहा पावलांवर उभी होते. बाकीच्या मुली पेपर संपल्याच्या आनंदात ओरडत, एकमेकींच्या अंगावर शाई उडवत शेजारून जात होत्या. मग तिनं एवढंच विचारलं, "कदी?"

वडिलांनी सांगितलं. ती मनात दिवस मोजत असल्यासारखी त्यांच्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे वळली.

"तुमाला ठावं होतं?"

"व्हय," मी म्हटलं.

माझ्या घरी येऊन तिनं पिशवी भरली, नवा ड्रेस काढून घडी करून पलंगावर ठेवला, आपला जुना घातला. सासूबाईंच्या पाया पडली, माझ्याही पडली. वडील जेवायला बसले नाहीत. पुण्याची गाडी संध्याकाळची होती, ते दोघं दुपारीच स्टँडवर जाऊन बसले.

निकालात ती चांगली पास झाली. अण्णांनी अभिनंदनाची पट्टी दिवसभर चालवली. कोणी काही म्हटलं नाही त्यांना, पण त्या संध्याकाळी फोनवर फोन करणारी गर्दी ह्या वेळी दुकानाकडे फिरकली नाही. जे घडलं ते सगळ्यांना कळलं होतं. मार्कांचं कार्ड घ्यायला ती आली नाही. मीच ते तिच्या शाळेतून घेऊन दुबलगुंडीला गेले. घराला कुलूप होतं. शेजारच्या बाईनं सांगितलं, आई महिनाभर आली होती, कुणाशी बोलली नाही, आणि परत गेली. कार्ड त्या बाईकडे देऊन मी आले.

पुढच्या वर्षीही दहावीचं चॅनेल झालं. फोनचा कार्यक्रम मात्र अण्णांनी बंद केला. विचारलं की म्हणायचे, फोन खराब आहे. नंतर दोन-तीन वर्षांत मोठ्या केबलवाल्यांनी गावं घेतली, घरोघर डबे बसले, शेकडो चॅनेलं दिसायला लागली. अण्णांनी दुकानात मोबाइलचं रिचार्ज सुरू केलं. त्यांचं पोरगं चौथ्या वेळी दहावी पास झालं आणि ते ट्रॅक्टरच्या शोरूमला लागलं.

ती मला एकदाच भेटली, खूप वर्षांनी, बसस्टँडवर. मी तिला ओळखलं नाही, तिनंच हाक मारली. अंगानं भरली होती, हातात चिंताकीच्या गाडीचं तिकीट होतं. तिकडं दिलं होतं तिला. वर्षातले आठ महिने नवरा-बायको पुण्याला, शिलाईच्या कारखान्यात. मूलबाळ विचारलं तर म्हणाली, "न्हाई. नको म्हणलं मीच."

आम्ही बाकावर बसलो. मी आईवडलांचं विचारलं.

"अप्पा गेले. आई हाय. माज्याकडंच असती." मग म्हणाली, "जेवती, झोपती, काम करती. माज्याशी बोलत न्हाई. त्या दिवसापासून न्हाई. पानी पायजे असलं तर नवऱ्याला मागती."

तिनंच पुढं विचारलं, अजून शिकवता का, आजी आहेत का. आजी गेल्याचं सांगितलं तेव्हा तिचे डोळे भरले. मी म्हटलं, "तुझ्या मनात माझ्याबद्दल राग असेल."

"न्हाई बाई. तुमी सांगितलं असतं तर मी पेपर टाकून गेले असते. अप्पाला ते ठावं होतं." तिनं पिशवी मांडीवर घेतली. "पन जायला पायजे होतं मी."

चिंताकीची गाडी लागली. गर्दी दाराशी लोटली. तिनं खिडकीतून जागेवर पिशवी टाकली, पदर खोचला आणि माणसांतून वाट काढत आत शिरली. गाडी निघेपर्यंत मी तिथंच उभी होते. ती खिडकीशी बसली होती आणि शेजारच्या बाईला सरकायला सांगत होती.